माऊस कोणाच्या हाती?

लहान मुलांचे संगणकी खेळ म्हणजे निव्वळ करमणूक, असे समजू नका. १९६७ मध्ये अमेरिकेत सेमूर पेपर्ट आणि सहकाऱ्यांनी 'लोगो' ही संगणकाची भाषा मुलांसाठी तयार केली. पुढे तिच्यात कासव आले. मूल आज्ञा देते, कासव रेघा ओढते, भूमिती खेळता खेळता कळते. इथे मालक मूल, यंत्र नोकर.

भारत सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' प्रकल्पातून शाळांना संगणक दिले, पण माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांनाच. मग चौथीआधीच शाळा सुटलेल्या बहुजन लेकरांचे काय? ज्ञान वरून खाली झिरपेल, या धोरणावर जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे प्रहार केला होता. शंभर वर्षांनंतरही तीच उतरंड!

२००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैरातच्या छोट्या प्राथमिक शाळेत पेपर्टच्या विचारातून आलेल्या योजनेचे लॅपटॉप पोरांच्या हाती पडले. केंद्राने मात्र ती योजना २००६ मध्येच नाकारली होती.

कुडव्यातल्या साथींनो, शाळेत संगणक आहे का, एवढेच विचारून थांबू नका. पहिलीतल्या मुलीचा हात माऊसपर्यंत पोहोचतो का? ती नुसती बटणे दाबते, की यंत्राला आज्ञा देते? हा जाब शाळा समितीत विचारा.