पदवी आणि सनद

वकिलीची परीक्षा उतरली म्हणजे मनुष्य वकील झाला, असा समज आपल्या घरांतून अजूनहि दृढ आहे. बारावीचा निकाल लागला कीं वडील मंडळी मुलामुलींसाठीं कायद्याच्या अभ्यासक्रमाची चौकशी करूं लागतात. फी किती, कॉलेज कोणतें, प्रवेशपरीक्षा केव्हां, हें सर्व विचारलें जातें; एक गोष्ट मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. विद्यापीठ देतें ती पदवी. न्यायालयांत दुसऱ्यासाठीं उभें राहण्याचा अधिकार देते ती सनद. आणि ही सनद देणारा हात पहिल्यापासून निराळा आहे. या दोहोंमधील अंतर कोणाला किती चालावें लागलें, हें पाहूं लागलें म्हणजे आपल्या इकडील गेल्या एकशें सत्तर वर्षांच्या समाजस्थितीचा बराच भाग त्यांत सांपडतो.

मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी स्वदेशीं परत गेले, तेव्हां त्यांच्या स्मरणार्थ नागरिकांनीं फंड जमविला. त्यांतून कायद्याच्या अध्यापकाची जागा निर्माण झाली व १८५५ सालीं वर्ग सुरू झाले; आजचें सरकारी लॉ कॉलेज तें हेंच. दोन वर्षांनीं विश्वविद्यालय निघालें, आणि १८६२ सालीं हायकोर्ट स्थापन झालें. हायकोर्टानें जुन्या दोन न्यायालयांचा वारसा घेतला : एक सुप्रीम कोर्ट, जेथें बॅरिस्टरांचें राज्य, दुसरें सदर अदालत, जेथें देशी वकील काम चालवीत. छप्पर एक झालें, दरवाजे दोनच राहिले. मुंबई शहरांतील मोठ्या रकमांचे, व्यापाऱ्यांचे दावे ओरिजिनल साइडवर चालत. तेथें मुख्यतः बॅरिस्टर उभे राहत. एलएल.बी. झालेला आमचा पदवीधर अपील साइडचा वकील होई. बॅरिस्टर होण्यास लंडनच्या चार इन्सपैकीं एका इन्समध्यें नांव घालून ठरलेल्या संख्येचीं भोजनें घ्यावीं लागत. विद्येसाठीं उपवास काढणाऱ्या आमच्या माधुकरीच्या विद्यार्थ्यांस ही जेवणावळीची अट मोठी गमतीची वाटली असावी. पण त्या जेवणाआधीं बोटीचें भाडें होतें, आणि बोटीच्या पलीकडे प्रायश्चित्त उभें होतें.

समुद्र न ओलांडतां त्या दुसऱ्या दरवाजाशीं पोंचण्याची एक वाट होती. ती म्हणजे अॅडव्होकेटची परीक्षा. कठीण म्हणून तिची ख्याति होती. न्यायमूर्ति रानडे १८६६ सालीं एलएल.बी. झाले, १८७१ त ही परीक्षा उतरले, आणि त्याच सालीं पुण्यास दुय्यम न्यायाधीशाची नोकरी पत्करून निघून गेले. काशिनाथपंत तेलंग १८७२ सालीं उतरले व बॅरिस्टरांच्या मेळाव्यांत ओरिजिनल साइडवर उभे राहिले. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, १८८९ त, ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १८९३ सालीं त्यांचें अकालीं निधन झालें तेव्हां त्या जागेवर रानडे आले. एकाच पदवीचे दोघे, एकाच परीक्षेंतून गेलेले. एक वकिलीच्या वाटेनें, दुसरा मुलखांतल्या कोर्टांतून, पण दोघेहि एकाच खुर्चीपर्यंत पोंचले.

पण त्या काळीं पदवी व सनद यांची जोडी नेहमींच जुळलेली होती असें नाहीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी हे विश्वविद्यालयाच्या आधींच्या पिढीचे. पदवीवांचून ते वकील झाले होते. १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडक्यांचें वकीलपत्र घेण्याचें धैर्य त्यांनींच दाखविलें. त्याच सालीं टिळक एलएल.बी. झाले, आणि त्यांनीं वकिली केली नाहीं. सरकारी नोकरी करावयाची नाहीं असें ठरविलेल्या माणसाला ही पदवी स्वतंत्रपणें जगण्याचें साधन म्हणून उपयोगाची वाटली असावी. तिचा उपयोग त्यांनीं पुण्यास वकिलीच्या परीक्षेचा वर्ग काढून केला. १९०८ सालच्या खटल्यांत मात्र ते कोर्टांत उभे राहिले; अशील कोण, हें सांगावयास नको.

टिळकांनीं सनदेचा मार्ग आपण होऊन सोडला. ज्यांना तो हवा असून मिळाला नाहीं, त्यांची हकीकत निराळी आहे, आणि ती सांगावयाची तर कॉर्नेलिया सोराबजी यांचीच सांगितली पाहिजे. त्यांचा जन्म नाशिकचा, १८६६ सालचा. डेक्कन कॉलेजांत शिकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परीक्षेंत अग्रक्रमानें उतरणाऱ्यास विलायतेस जाण्याची शिष्यवृत्ति मिळे. ती त्यांना स्त्री म्हणून नाकारण्यांत आली. इंग्लंडांतील कांहीं मंडळींनीं पैसा उभा केला व १८८९ सालीं त्या ऑक्सफर्डला सोमरव्हिल कॉलेजांत गेल्या. १८९२ त कायद्याच्या बी.सी.एल. परीक्षेस बसण्याची त्यांना खास परवानगी मिळाली, त्या उत्तीर्णहि झाल्या. परंतु स्त्रियांना पदवी देण्याचा प्रघात तेथें नव्हता, म्हणून ती पदवी हातांत पडावयास १९२२ साल उजाडलें. परत आल्यावर १८९७ सालीं त्या मुंबईची एलएल.बी. झाल्या. १८९९ त अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. सनद नाहीं.

येथें कायद्याची शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. वकील होण्यास पात्र कोण, तर अमुक शिक्षण झालेली ‘व्यक्ति’. या व्यक्तींत स्त्री येते काय? कलकत्ता हायकोर्टानें १९१६ सालीं रेजिना गुहा यांच्या अर्जावर सांगितलें, येत नाहीं. पाटण्यास १९२१ सालीं सुधांशुबाला हाजरा यांनाहि तेंच उत्तर मिळालें. त्याच वर्षीं अलाहाबादच्या न्यायाधीशांनीं मात्र सोराबजींचें नांव नोंदवून घेतलें. आणि १९२३ च्या कायद्यानें केवळ स्त्री म्हणून कोणास अपात्र ठरवूं नये असें स्पष्ट झालें. मधल्या काळांत सोराबजी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सच्या नोकरींत, १९०४ पासून, पडदानशीन विधवांच्या व अज्ञान मुलांच्या इस्टेटी सांभाळीत होत्या. जेथें पुरुष वकिलाला पाऊल टाकतां येत नव्हतें त्या जनानखान्यांत जाऊन त्यांनीं शेंकडों स्त्रियांचे हक्क राखले. म्हणजे वकिलीचें खरें काम त्या सनदेवांचून करीतच होत्या. कलकत्त्यास त्या रीतसर वकील म्हणून उभ्या राहिल्या तेव्हां वय सत्तावन्न होतें. राष्ट्रीय चळवळीविषयींचीं त्यांचीं मतें आम्हांस मुळींच मान्य होण्यासारखीं नाहींत. पण त्यामुळें या पंचवीस वर्षांच्या उमेदवारीचें मोल उणें होत नाहीं. मुंबईस मिठन टाटा यांचें नांव बॅरिस्टरांत दाखल झालें तें या कायद्याच्या सुमारासच. पुढें त्या शहराच्या शेरीफ झाल्या.

सनद हातीं आली तरी काम येईलच असें नाहीं, हें डॉ. आंबेडकरांच्या अनुभवावरून दिसतें. १९२२ त ते बॅरिस्टर झाले, १९२३ त मुंबईस वकिली करूं लागले. बॅरिस्टराकडे काम सॉलिसिटरमार्फत यावयाचें. अस्पृश्य मानलेल्या बॅरिस्टराकडे तें पाठविण्यास कोण तयार होणार? अपील साइड, मुलखांतलीं कोर्टें, आणि चरितार्थासाठीं १९२५ पासून व्यापारी कायद्याची शिकवणी, असा संसार चालला. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाबद्दल जेधे-जवळकरांवर झालेल्या पुण्याच्या बदनामीच्या खटल्यांत १९२६ सालीं त्यांनीं आरोपींस अपिलांत सोडवून आणलें. १९३५ त तेच सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले.

पुण्यास १९२४ सालीं लॉ कॉलेज निघालें. पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे, ज्यांनीं धर्मशास्त्राच्या ग्रंथांचीं भाषांतरें केलीं. गजेंद्रगडकर व यशवंतराव चंद्रचूड, हे पुढें भारताचे सरन्यायाधीश झालेले दोघे, तेथलेच विद्यार्थी. दोन दरवाजांची व्यवस्था १९२६ च्या कायद्यानें सैल झाली आणि १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टनें वकिलांचा एकच वर्ग उरला.

आतां स्थिति उलटी झाली आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय विधि विद्यालयानें गेल्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीस पांच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केल्यापासून हुशार मुलें पदवी घेऊन कंपन्यांकडे व मोठ्या कायदेपेढ्यांकडे वळतात. कित्येकांना कोर्टाची पायरी चढावीच लागत नाहीं. ज्यांना चढावयाची आहे त्यांना बार कौन्सिलांत नोंदणी व अखिल भारतीय बार परीक्षा अशा दोन पायऱ्या आहेत. नोंदणीची फी कांहीं राज्यांत हजारों रुपयांवर गेली होती. कायद्यांत सातशें पन्नास रुपये लिहिले असतां अधिक घेतां येणार नाहीं, असा निकाल सुप्रीम कोर्टानें जुलै २०२४ मध्यें दिला. मे २०२५ मध्यें त्याच कोर्टानें न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीच्या जागेसाठीं तीन वर्षांची वकिली आवश्यक ठरविली. अनुभवाचा न्यायाधीश बरा, याविषयीं आमचें दुमत नाहीं. पण हीं तीन वर्षें म्हणजे ज्येष्ठाच्या हाताखालीं कागद लावण्याचीं, तारखा घेण्याचीं, मुलखांतल्या कोर्टांत बहुधा हातखर्चावर काढण्याचीं वर्षें. घरचें दुसरें उत्पन्न नसलेल्या मुलीस तीं जड जातात. शहरांत कनिष्ठ वकिलास महिना वीस हजार व ग्रामीण भागांत पंधरा हजार रुपये द्यावे, असें बार कौन्सिल ऑफ इंडियानें २०२४ सालीं सुचविलें आहे. तें बंधनकारक नाहीं.