गडावरची पोथी आणि शिशाचे खिळे

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला भाविक धाकटी पंढरी म्हणतात. नगद नारायण महाराजांपासून चालत आलेली ही विठ्ठलभक्तीची गादी; पुढे भगवानगड उभा करणारे भगवानबाबाही आधी याच गडाशी जोडलेले होते. अशा ठिकाणाचा इतिहास सांगताना परंपरा, महंत, दिंडी, नारळी सप्ताह यांविषयी भरभरून बोलले जाते. पारायणाला बसलेल्या माणसांपुढे उघडलेले पुस्तक मात्र तिथवर कसे आले, हे कोणी फारसे विचारत नाही. माझे म्हणणे असे आहे की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची शंभरेक वर्षे मराठवाड्यातल्या वारकऱ्याच्या हाती संतवाङ्मय पोचवण्याचे काम शिशाने केले. मऊ, जड आणि विषारी असा हा धातू. तो वितळवणाऱ्या, घासणाऱ्या आणि जुळवणाऱ्या माणसांना त्या वाङ्मयाच्या इतिहासात जागा मिळायला हवी.

या मुलखाला शिसे नवे नव्हते. सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालात तांबे आणि कथलाबरोबर शिशाचाही उल्लेख आहे, आणि त्याच ग्रंथात पैठण आणि तेर ही दख्खनेतली मोठी बाजारगावे म्हणून येतात. हिंदुस्थानात शिसे नाही, रत्ने आणि मोती देऊन ते घेतले जाते, असे रोमन लेखक प्लिनीने लिहिले. राजस्थानातल्या जावर आणि दरिबा इथल्या प्राचीन खाणी पाहता ते शब्दशः खरे मानता येत नाही. पण दख्खनेतले शिसे बरेचसे दुरून येत असे, इतके त्यावरून धरता येते. धातू काढण्याची रीत तशी सोपी. गॅलिना नावाचा चकचकीत, जड दगड, म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग, आधी हवेत भाजायचा, गंधक उडवून लावायचा आणि उरलेले कोळशाबरोबर भट्टीत घालायचे. शुद्ध शिसे 327 अंशांवर वितळते, म्हणजे साध्या चुलीवरही. या सहजपणामुळेच ते हजारो वर्षे माणसाच्या हाताशी राहिले.

छपाईला हेच शिसे सोयीचे का पडले, ते अक्षर ओतताना कळते. आधी पोलादी दांड्याच्या टोकावर उलटे अक्षर कोरतात. तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की अक्षराचा साचा मिळतो. साचा पकडीत बसवून पळीभर रस ओतायचा आणि लगेच हिसका द्यायचा, म्हणजे रस काना-वेलांटीच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. पकड उघडली की शेपटीसकट खिळा बाहेर पडतो. शेपटी मोडायची, बाजू दगडावर घासायच्या, पाय सपाट करायचा. नुसते शिसे इथे चालत नाही. ते मऊ असते आणि थिजताना आकसते, म्हणून त्यात अँटिमनी आणि थोडे कथील घालतात. अँटिमनीने खिळा कठीण होतो आणि आकसणे जवळजवळ थांबते, त्यामुळे अक्षराची कड धारदार उतरते. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहम यांनी मराठी टाइप सुधारला. तिथेच खिळे घासण्याच्या कामाला लागलेला एक गरीब मुलगा म्हणजे जावजी दादाजी चौधरी (1839–1892). 1864 साली त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली, 1869 साली निर्णयसागर छापखाना सुरू केला, आणि त्यांच्या देवनागरी टाइपाची कीर्ती देशभर झाली. मराठी सुलेखनाची आणि छपाईची थोरवी सांगताना जावजींचे नाव नेहमी घेतले जाते. त्यांनी लहानपणी केलेले घासण्याचे काम पुढे ज्यांनी जन्मभर केले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, आणि मला हे फार खुपते.

यावर पहिला आक्षेप जाणकार घेतील तो शिळाछापाचा, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईचा. गणपत कृष्णाजींनी 1831 साली पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. बाळशास्त्री जांभेकरांनी 1845 साली छापलेली ज्ञानेश्वरीही शिळाछापाचीच. मग शिशाला श्रेय कशाला? आक्षेप अर्धा खरा आहे. शिळाछापाची पोथी हस्तलिखितासारखी दिसे, म्हणून श्रद्धाळू वाचकाला ती आधी पटली. तो काळच असा होता की शाईत चरबी असेल या भीतीने छापील कागदाला हात लावायला लोक कचरत, आणि गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली. पण शिळेवर पान एकदा उतरले की त्यातली चूक काढणे जिकिरीचे, आणि नवी आवृत्ती हवी तर लेखनिकाने सगळे पुन्हा लिहायचे. खिळ्यांच्या छपाईत मुद्रित तपासता येते, एक चुकीचा खिळा चिमट्याने उचलून दुसरा बसवता येतो. तुकारामांच्या गाथ्याची जी प्रत मुंबई सरकारच्या मदतीने इंदुप्रकाश छापखान्यात 1869 ते 1873 या काळात दोन खंडांत निघाली, तिच्यात साडेचार हजारांहून अधिक अभंग आणि पाठभेद आहेत. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी जुन्या वह्या ताडून पाहिल्या. इतक्या पाठभेदांचे पुस्तक नेमके छापायचे तर खिळेच हवेत. पोथीची सवय शिळाछापाने लावली असेल. एकसारखा, तपासलेला पाठ दूरवर गेला तो शिशामुळे.

दुसरा आक्षेप अधिक खोलवरचा आहे. वारकरी परंपरा कानाने चालते. हरिपाठ तोंडपाठ असतो, अभंग भजनात शिकले जातात, न वाचणारी कित्येक माणसे दहापट पाठांतर बाळगतात. त्यांना छापील पुस्तकाची काय गरज? एकट्या भक्ताला ती नव्हती, हे मान्य. पण शेकडो गावांत तेच अभंग त्याच क्रमाने म्हटले जायचे, अनेकांनी मिळून सात दिवसांत ज्ञानेश्वरीचे पारायण करायचे, म्हणजे प्रत्येकापुढे एकाच पाठाचे पुस्तक लागते, तेही गरिबाला परवडेल अशा किमतीत. हाताने उतरवलेल्या वह्यांवर हे झाले नसते. मराठवाड्यात या गोष्टीला आणखी वजन आहे. बीड 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होते. कारभाराची भाषा उर्दू, 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतून. राज्यकारभार ज्या भाषेला उभा करत नव्हता, तिची छापील अक्षरे पलीकडच्या ब्रिटिश मुलखातून, पुण्या-मुंबईहून, गाथा आणि हरिपाठ होऊन येत. नारायणगडासारख्या गाद्यांच्या आधाराने मराठी वाचन टिकले ते या पुस्तकांवर, असे मला वाटते.

आता या कामाची किंमत. लहान छापखान्याकडे सगळे पुस्तक एकदम जुळवण्याइतके खिळे कधीच नसत. आठ-सोळा पाने जुळवायची, फर्मा बांधून छापायचा, मग तेच खिळे सोडवून केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीच्या, खणांत परत टाकायचे. म्हणजे पुस्तकातले प्रत्येक अक्षर जुळाऱ्याच्या बोटांतून दोनदा जाई, आणि देवनागरीत जोडाक्षरांमुळे खणही शेकड्यांनी. खिळे झिजले की ते वजनावर विकून पुन्हा वितळवले जात. अभंगातले शिसे उद्या लग्नपत्रिकेत लागे. टाइपाचा रस साधारण तीनशे अंशांच्या आसपास राखतात, आणि शिशाची वाफ खऱ्या अर्थाने उठते ती पाचशेच्या वर. म्हणून काही जण म्हणतात की छापखान्यातले शिसे निरुपद्रवी होते. ते बरोबर नाही. रसावर येणारी राखाडी मळी काढताना उडणारी भुकटी, घासताना पडणारा चुरा, केसच्या तळाशी साचलेली धूळ हे सगळे बोटांना लागते, आणि बोटांवरून भाकरीला आणि विडीला. शरीरात गेलेले शिसे हाडांत साठते. पोटात कळा, रक्त कमी होणे, हिरड्यांवर निळसर रेघ, पुढे मनगट लुळे पडणे अशी त्याची चढती पायरी. यातले बरेचसे साध्या अशक्तपणासारखे दिसते, त्यामुळे सहज सुटून जाते. उपाय अवघड नव्हता: जेवणाआधी साबणाने हात धुणे, केस झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, रसाच्या कढईवर धुराडे, कामाचे कपडे कामावरच ठेवणे.

कायद्याला हे ठाऊक होते. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यात शिशाची विषबाधा धंद्यातला आजार म्हणून धरली होती. 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कळवणे सक्तीचे असलेल्या आजारांत ती पहिली होती. पण कारखाना कायदा लागू होई तो यंत्रशक्ती असेल तर दहा आणि नसेल तर वीस कामगारांपासून. तालुक्याच्या गावातला ट्रेडल पायाने चालणारा, चार-पाच माणसांचा छापखाना त्या रेषेच्या बाहेरच राहिला, आणि भजनी मालिका, पावत्या, सप्ताहाची पत्रके निघत ती अशाच ठिकाणी.

ऑफसेट आणि संगणक आल्यावर खिळे भंगारात गेले. जगातल्या शिशाचा चार पंचमांशाहून अधिक भाग आज बॅटरीत जातो: ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या, रिक्षाच्या. पेट्रोलमधले शिसे आपल्याकडे 2000 साली बंद झाले, घरगुती रंगातले 2017 च्या नोव्हेंबरपासून दशलक्ष भागांत 90 वर आणले गेले. बॅटरीला मात्र पर्याय महाग आहे. इथे जुन्या छापखान्याशी तुलना केली तर धोका वाढलेलाच दिसतो. खिळा वर्षानुवर्षे केसमध्ये पडून असे; बॅटरी तीन-चार वर्षांत भट्टीकडे जाते. तिच्या पट्ट्यांवरचा लगदा नुसता वितळत नाही, त्यातून धातू काढायला हजार अंशांच्या आसपासची उष्णता लागते, आणि त्या उष्णतेत शिशाची वाफ भरपूर उठते. बंद भट्टी, धूर गाळणारी यंत्रणा आणि आम्लाची विल्हेवाट असेल तर हे काम सुरक्षितपणे होते. उघड्यावर कोयत्याने बॅटरी फोडून आम्ल मातीत ओतले, तर ते शिसे आधी लहान मुलांच्या अंगात जाते, कारण ती जमिनीवर खेळतात आणि त्यांचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसे शोषते. जुनी बॅटरी परत घेण्याची सक्ती 2001 च्या नियमांनी उत्पादक आणि विक्रेते या दोघांवर आणली. 2022 च्या नियमांनी उत्पादकांवरची ती जबाबदारी वाढवली आणि पुनर्वापर करणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी बंधनकारक केली. कामगार किती, ही अट त्यात नाही. जुळाऱ्यांच्या काळात जी फट होती ती कागदावर तरी बुजली आहे. शेताच्या बांधावर तीन माणसांनी चालवलेली भट्टीही आता नियमाच्या आत येते, आणि तिथे तपासनीस पोचवण्याची जबाबदारी प्रदूषण नियंत्रण मंडळाची आहे.