सोल्फेजची कुळकथा

मुंबईत फणसवाडीतून कावेलवरून धोबीतलावाला आलं की जेर महाल लागतो. गोव्यातल्या गावांच्या नावांनी चालणारे कूड, म्हणजे गोंयकारांची सामायिक बिऱ्हाडं, इथलेच, आणि 1865 साली सुरू झालेलं फुर्टाडोंचं वाद्यांचं दुकानही. स्वरांची नावं घेत कागदावरचं संगीत वाचायची विद्या, म्हणजे सोल्फेज, गोंयकार वादकांबरोबर या वस्तीत आली. तिचं कूळ मात्र इटलीतलं, आरेत्सोचं.

अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे ग्वीदो नावाचा साधू चर्चमधल्या मुलांना गाणं शिकवायचा. तोवर शब्दांच्या डोक्यावर खुणा करायची पद्धत होती. सूर चढला की उतरला हे त्यातून कळे, किती ते कळत नसे. म्हणजे चाल आधीच पाठ असेल तरच खुणा उपयोगाच्या. ग्वीदोने रेघा आखल्या, एक लाल आणि एक पिवळी केली, म्हणजे कुठला स्वर कुठे हा घोळच नको. संत योहानाच्या एका लॅटिन स्तोत्राच्या ओळी पायरीपायरीने एकेक स्वर वर सुरू होत. त्यांची पहिली अक्षरं त्याने उचलली: उत, रे, मी, फा, सोल, ला. दहा वर्षांची शिकवणी एक-दोन वर्षांत उरकते, असा त्याचा दावा होता. पोप एकोणिसाव्या जॉनने त्याला रोमला बोलावून घेतलं आणि कधी न ऐकलेली ओळ स्वतः वाचून गायली. मास्तराला आणखी काय हवं!

पुढे सातवा 'सी' आला, 'उत'चा 'दो' झाला. 'रे' दोन्हीकडे आहे म्हणून हे सगळं आपल्या सारेगमवरून उचललंय, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. ऋषभाचा रे वेगळा, स्तोत्रातला वेगळा. साम्य शोधायचंच तर ते नावांत नाही. मध्ययुगातला 'उत' सरकता होता, तीन जागी मांडता येई. 'मी' आणि 'फा'मध्ये अर्ध्या स्वराचं अंतर, एवढं मात्र पक्कं. गळा पाहून सरकणारा आपला सा त्याच्या जवळचा आहे. पोर्तुगालसारख्या देशांत पुढे 'दो' पेटीच्या एकाच पट्टीला खिळला.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ही विद्या गोव्यात आणली. चर्चच्या शाळेतला मेस्त्र आधी हाताने ताल धरून स्वर म्हणायला लावी, मग व्हायोलिन. त्या शाळांतली पोरं मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसली. संगीतकार पेटीवर सुचलेली चाल गुणगुणे. सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखी माणसं ती पाच रेघांवर उतरवत. गोन्साल्विस हे प्यारेलालचे गुरू. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात त्यांचंच नाव आहे.

रेकॉर्डिंगला व्हायोलिनवाले समोर आलेला कागद पहिल्या फटक्यात वाजवत. गाणाऱ्यांच्या हातात मात्र नुसते शब्द, त्यावर आपापल्या खुणा. ग्वीदोच्या आधीचाच कारभार. आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यांच्याच गळ्यावर सोडलेली, कारण ती रेघांत धड मावत नाही.