भंडारदऱ्याची कोजागिरी, १९८६

शुक्रवार, १७ ऑक्टोबर १९८६. पहाटेचे साडेपाच. तू दहा वर्षांची आहेस.

ठाण्याच्या घराखाली फियाट उभी आहे. बाबांनी चोक ओढून दोनदा चावी फिरवली, तिसऱ्यांदा इंजिन धरलं. पुढची सीट सलग आहे आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे आई-बाबांच्या मधे धाकट्या भावाची सोय झाली. मागे तू, आजी, रॉकेलचा स्टोव्ह, सतरंज्या, पाण्याचे दोन कॅन आणि पुऱ्यांचा डबा. बाबांच्या शर्टाच्या खिशात पाटबंधारे खात्याचं पत्र आहे: भंडारदऱ्याच्या विश्रामगृहात एक खोली, एका रात्रीसाठी.

आजीच्या मांडीवर पंचांग आहे. पानात खुणेला सुपारीचं खांड. आज कोजागिरी आहे आणि आजच खग्रास चंद्रग्रहण. शेजारच्या काकू काल सांगून गेल्या होत्या, ग्रहणाच्या रात्री लेकरांना घेऊन कशाला रानात जाता? आजी म्हणाली, "ग्रहणाचं स्नान नळाखाली करायचं की प्रवरेत, हे मी ठरवते." विषय तिथे संपला. आजीला प्रवरा हवी आहे आणि बाबांना मोकळं आभाळ. दोघांना हवं ते एकाच ठिकाणी आहे, म्हणून ही सहल.

कशेळीचा पूल, मग भिवंडी. इतक्या पहाटेही मागांचा खडखडाट रस्त्यावर ऐकू येतो. पडघ्याच्या पुढे उजाडतं. शहापूर मागे पडतं तसा डावीकडे माहुली सुळक्यासुळक्यांनी वर येतो, आणि बाबा पहिल्यांदा म्हणतात, "बघ, आज दिसतोय." ऑगस्टमध्ये याच रस्त्याने आलात तेव्हा तिथे नुसता ढग होता.

हे वाक्य आज बाबा दिवसभर म्हणणार आहेत, आणि ते बरोबर आहेत. सह्याद्री बघायचा तर लोक पावसात निघतात. पावसात पाणी भरपूर असतं, पण डोंगर दिसत नाही. फेब्रुवारीत डोंगर दिसतो, पण ओढे आटलेले आणि गवत करपलेलं. पाणी आणि आभाळ दोन्ही एकदम हाती लागतात ते फक्त शरदात, नवरात्र ते दिवाळी या तीन-चार आठवड्यांत. हवा धुऊन निघालेली असते, धबधब्यांना अजून धार असते, आणि सावली पडली की तिची कड रेखीव पडते. माझं तर ठाम मत आहे की आपल्या लोकांनी सहलीचं पंचांगच पुन्हा मांडायला हवं. जूनमध्ये काजव्यांसाठी भंडारदऱ्याला पुढे इतकी गर्दी होणार आहे की रस्ते तुंबतील. ऑक्टोबरात मात्र तिथे निवांत जागा मिळेल.

कसारा घाट. गाडी दुसऱ्या गिअरवर. तापमानाचा काटा चढत चढत लाल रेषेला टेकतो आणि बाबा एका वळणावर कडेला घेतात. बॉनेट उघडून ओलं फडकं टाकतात, वाफ बसेपर्यंत थांबायचं. तू खाली उतर. समोरच्या डोंगरावर रेल्वे चढते आहे: पुढे इंजिन, मधे डबे, आणि शेपटीला मागून रेटणारी आणखी इंजिनं. चढ सदतीसाला एक आहे, पुढचं इंजिन एकट्याने काय करणार! कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग १८६५ सालचा. तू आणि भाऊ डबे मोजता, बोगदा आला की हिशेब चुकतो, पुन्हा पहिल्यापासून.

आता पाठ फिरवून रस्त्याची कापलेली भिंत बघ. काळा खडक, त्यावर तांबूस मातकट पट्टी, त्यावर पुन्हा काळा खडक. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमीन फाटून लाव्हा वाहिला, थिजला. मधे काळ गेला, त्याच्या माथ्याची माती झाली आणि तिच्यावर पुढचा लाव्हा आला. ती लाल पट्टी म्हणजे दोन लोटांमधली उसंत. हात लाव. खडकाच्या बारीक पोकळ्यांत पांढरे स्फटिक बोटाला टोचतात. तुला आत्ता माहीत नाही, पण तुझी मुलं हा घाट समृद्धी महामार्गाच्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून काही मिनिटांत ओलांडतील. वेळ वाचेल, ही भिंत मात्र त्यांना दिसणार नाही.

आजी कॅनमधून रेडिएटरमध्ये पाणी ओतते, हळूहळू, बाबा सांगतील तसं.

इगतपुरी, घोटी. घोटीला आग्रा रोड सोडून उजवीकडे वळलात की रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंना रंग बदलतो. खाचरांतला भात पिवळा पडलाय, काही ठिकाणी कापणी सुरू आहे. उतारांवर नागली आणि वरई. मधेच अख्खी शेतं हळदुल्या फुलांची: ती खुरासणी. आई गाडी थांबवायला लावते आणि बांधावर काम करणाऱ्या बाईंना विचारते, "मावशी, याचं तेल काढता?" "तेल बी, चटणी बी," बाई सांगतात, आणि तुझ्या हातात एक फूल देतात. कड्याच्या कपारीला सोनकीही पिवळीच आहे, पण ती कुणी पेरलेली नाही.

बारी गावापाशी कळसूबाई अंगावर येते. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच टोक, आज माथ्यावरचं देऊळसुद्धा ठिपक्याएवढं दिसतंय. या डोंगरांना याच वर्षी अभयारण्य म्हणून जाहीर केलंय, कळसूबाई-हरिश्चंद्रगड. खाली वस्त्या महादेव कोळ्यांच्या. ही देवी त्यांच्या घरची, तिची गोष्ट तिथली माणसं गावातल्या सुनेची गोष्ट सांगावी तशी सांगतात.

दुपारी शेंडी गाव. आजी उतरल्या उतरल्या घाई करते, वेध लागायच्या आत जेवण उरकायचंय. मोठ्यांना त्यानंतर काही खायचं नाही, मुलांना सूट. आजी दोन पुऱ्या खाते आणि हात धुते. आता रात्रीच्या मोक्षापर्यंत काही नाही.

उन्हं कलल्यावर धरणाच्या भिंतीवर जा. विल्सन धरण. काम १९१० साली सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं; तेव्हाच्या मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराचं नाव त्याला मिळालं. उंची पावणेतीनशे फुटांच्या घरात, सगळं दगडी बांधकाम. एका हाताला काठोकाठ भरलेला जलाशय, त्याच्या टोकाशी रतनगड. दुसऱ्या हाताला खोल दरी आणि तिच्या तळाशी पुन्हा नदी झालेली प्रवरा. वरच्या दगडावर तळवा ठेव, दिवसभराचं ऊन अजून त्यात आहे.

"हे पाणी कुठे जातं?" भाऊ विचारतो.

बाबा सांगतात: खाली अकोले, संगमनेर, मग कालव्यांनी श्रीरामपूरकडे, उसाला. हे धरण झालं म्हणून तिकडे ऊस झाला, आणि ऊस झाला म्हणून १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. रात्रीच्या दुधात आई जी साखर घालणार आहे, तिचं पाणी कदाचित इथूनच गेलेलं असेल. मागे वळून कळसूबाईकडे बघ. पाऊस तिथे पडतो, मळा कुठे पिकतो, आणि इथल्या वाडीतली बाई एप्रिलमध्ये हंडा घेऊन किती लांब जाते, हे तू पुढे मोठी झाल्यावर विचारशील. विचारायलाच हवं.

आजी वेगळं सांगते. ही नदी अमृतवाहिनी. खाली नेवाशाला हिच्याच काठी मोहिनीने देवांना अमृत वाढलं. राहू देवांच्या पंगतीत शिरला, सूर्य-चंद्राने त्याला ओळखून सांगितलं, आणि त्याचं मस्तक उडालं. तेव्हापासूनचा तो राग. "आणि त्याच नेवाशात, खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली माउलींनी." बाबा मान हलवतात, मधे बोलत नाहीत. दोघांचंही बोलणं याच नदीबद्दल आहे आणि तू दोन्ही ऐकते आहेस.

सूर्य रतनगडाच्या बाजूला बुडतो, आणि जवळपास त्याच वेळी दरीच्या तोंडावर, राजूरच्या दिशेला, चंद्र वर येतो. भिंतीच्या मधोमध उभं राहिलं की एका मानेच्या वळणात दोन्ही दिसतात. पौर्णिमेला हे व्हायचंच, पण समोर आडवं काही नको आणि हवेत धूळ नको. आज दोन्ही नाही.

रात्र. विश्रामगृहाच्या अंगणात सतरंज्या. स्टोव्हवर दूध आटतंय: केशर, वेलची, जायफळ, चारोळी. आजी पातेल्यावर दर्भाची काडी ठेवते आणि झाकते. यंदा चंद्राला दूध दाखवायचं, पण प्यायचं ते ग्रहण सुटल्यावर.

अकराच्या सुमारास स्पर्श. चंद्राच्या कडेला आधी नुसतं मळकट झाल्यासारखं वाटतं, मग कड खरोखर तुटते. आजी उठते. जलाशयाच्या काठावर उतरत्या दगडांवरून बाबा तिला हात धरून नेतात, आई टॉवेल आणि कोरडं लुगडं घेऊन मागे. तू कंदील धरलायस. पाणी गार आहे, आजी एक शब्द न बोलता गळ्यापर्यंत बसते, तीन वेळा डोकं बुडवते, बाहेर येते. दात वाजताहेत आणि ओठ जपात हलताहेत. बाबांची श्रद्धा नाही. पण त्यांनी तिचा हात क्षणभरही सोडलेला नाही, आणि बाहेर आल्यावर तिचे पाय तेच पुसतात.

मग सगळे आडवे. चंद्र जवळपास डोक्यावर आहे. "सावलीची कड बघ," बाबा म्हणतात. "गोल आहे. ती आपली सावली. आपण आत्ता जिथे पडलोय ती पृथ्वी केवढी गोल आहे, ते चंद्रावर उमटतंय." तू हात वर करून हलवतेस. सावलीत तुझा हात कुठे असेल? कुठेच नाही, इतका तो लहान, पण बाबा हसत नाहीत. "असणार," म्हणतात, "त्यातच."

बारा वाजून काही मिनिटांनी संमीलन. शेवटची उजळ कड गेली.

आता घाई करू नकोस. डोळ्यांना पाच मिनिटं दे. मघापर्यंत चांदण्यात सगळं लख्ख होतं: भिंत, पाणी, आईचं तोंड. कोजागिरीच्या रात्री तारे कधीच धड दिसत नाहीत, चंद्र त्यांना दिसू देत नाही. आता अवसेसारखा काळोख पडलाय आणि सगळे एकदम आले आहेत. पूर्वेला मृग उगवून वर आलाय, त्याच्या वर कृत्तिकांचा पुंजका, पश्चिमेकडे गुरू एकटाच ठळक. मधोमध तांब्याच्या रंगाचा चंद्र. तो काळा का झाला नाही, भाऊ विचारतो. बाबा सांगतात की पृथ्वीच्या कडेने, तिच्या हवेतून वळून थोडा उजेड तिथवर पोहोचतो. या क्षणी जगात जिथे जिथे सूर्य उगवतोय आणि मावळतोय, त्या सगळ्या ठिकाणचा तांबडेपणा मिळून तो पडलाय.

आजीचा जप थांबतो. "पुन्हा सांग," ती म्हणते. बाबा पुन्हा सांगतात. आजी बराच वेळ वर बघत राहते आणि मग जप पुढे सुरू होतो.

पाऊण वाजता मध्य. दीडच्या जरा आधी उन्मीलन, एका कडेला ठिणगी, आणि तारे मागे हटू लागतात. भाऊ झोपलाय. तुलाही झोप येतेय, पण अडीच वाजून गेल्यावर मोक्ष होईपर्यंत जागी राहा, कारण आजी दुसऱ्यांदा पाण्यात उतरणार आहे आणि कंदील तुझ्याकडे आहे. त्यानंतर आई दूध पुन्हा तापवते. आजी सकाळी वाडीत द्यायचा शिधा बाजूला काढते, तांदूळ, डाळ, गूळ, आणि मगच पेला तोंडाला लावते. अर्ध्या दिवसाच्या उपासानंतरचा तो पहिला घोट. तुझ्या पेल्यातली साय ती तुलाच ठेवते.

सकाळी निघताना रंधा धबधबा. दहाएक किलोमीटरवर, वाट थोडी वाकडी करून. प्रवरा इथे दीडशे फुटांहून जास्त खोल घळीत उडी घेते. काठावर घोरपडा देवीचं ठाणं. पावसाळ्यात इथे तुषारांनी समोरचं काही दिसत नाही. आज धार बारीक झाली आहे आणि म्हणूनच तिच्या मागचा कातळ दिसतो, घाटात पाहिलेले तेच थर, एकावर एक. "बघ, आज दिसतोय," या वेळी आजी म्हणते.

पुढे २०२३ साली कोजागिरीला पुन्हा ग्रहण येईल, पण खंडग्रास, चंद्राची जेमतेम कड चाटून जाणारं. खग्रास आहे ते १८ ऑक्टोबर २०३२ ला, कोजागिरीलाच, मध्य साडेबाराच्या सुमारास, म्हणजे भंडारदऱ्याहून तेव्हाही तो जवळपास डोक्यावर असेल. तू छप्पन्न वर्षांची असशील. खोलीचं पत्र आधीच मागवून ठेव, पातेलं मोठं घे, आणि पाण्यात कुणाला उतरायचं असेल तर त्याचा हात धरायला माणूस बरोबर असू दे.