हिमोफिलिया, स्त्रियांमधील

रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी आठवा किंवा नववा घटक (फॅक्टर) जन्मतःच कमी असल्यामुळे स्त्रियांना होणारा रक्तस्रावाचा आनुवंशिक विकार. आठवा घटक कमी असल्यास हिमोफिलिया ए आणि नववा कमी असल्यास हिमोफिलिया बी म्हणतात. हा पुरुषांचा आजार आहे आणि बाई तो फक्त पुढच्या पिढीला देते, अशी समजूत सर्वसामान्यांत आहेच, पण वैद्यकीय व्यवसायातही ती अजून पुरती गेलेली नाही. स्त्रियांसाठीचे उपचार उपलब्ध आहेत आणि त्यांतले बरेचसे स्वस्तही आहेत. अडते ते निदानापाशी.

या समजुतीला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. फिलाडेल्फियाचे डॉक्टर जॉन कॉनराड ऑटो यांनी १८०३ साली एका कुटुंबातील रक्तस्रावी प्रवृत्तीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्रास फक्त पुरुषांना होतो, बायका त्यातून सुटतात, पण आपल्या मुलग्यांना तो देतात, असे त्यांनी नोंदवले. आनुवंशिकतेचे हे निरीक्षण अचूक होते. 'बायका सुटतात' हे मात्र खरे नव्हते. पुढे ब्रिटनच्या व्हिक्टोरिया राणीच्या वंशावळीने हेच चित्र जगभर पोहोचवले. राणीचा मुलगा लिओपोल्ड १८८४ मध्ये पडल्यानंतर झालेल्या रक्तस्रावाने गेला. रशियाचा राजपुत्र अलेक्सी हा तिच्या नातीचा मुलगा. २००९ साली रशियन राजघराण्याच्या अवशेषांच्या जनुकीय तपासणीत हा हिमोफिलिया बी असल्याचे सिद्ध झाले आणि अलेक्सीच्या एका बहिणीतही तेच सदोष जनुक आढळले. या घराण्याची कथा सांगताना आजारी म्हणून पुरुषांची नावे येतात आणि बायका वंशावळीतल्या दुव्यापुरत्या उरतात.

कारणे : आठव्या व नवव्या घटकांची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे एक्स एकच असल्याने ते जनुक बिघडलेले असेल तर आजार होतोच. स्त्रीकडे दोन असतात, त्यामुळे एक चांगले असले की भागते, असा जुना हिशेब. प्रत्यक्षात स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच निष्क्रिय होते. कोणते, हे बहुतांशी योगायोगावर ठरते. मेरी लायन यांनी १९६१ साली हे तत्त्व मांडले. ज्या बाईच्या यकृतात चांगले एक्स अधिक पेशींत निष्क्रिय झाले, तिच्या रक्तात घटक कमी बनतो. म्हणून एकाच घरातल्या दोन सख्ख्या बहिणींत एकीची पातळी शंभर टक्के आणि दुसरीची वीस टक्के असू शकते. सदोष जनुक बाळगणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे एकतृतीयांश जणींची पातळी ४० टक्क्यांच्या खाली असते. टर्नर लक्षणसमूहात मुलीला एकच एक्स असते, तेव्हाही आजार पूर्ण स्वरूपात दिसू शकतो.

आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले तर मुलीला मुलग्याइतकाच तीव्र आजार होतो. हे विरळ असले तरी महाराष्ट्रात त्याची दखल घ्यायला हवी, कारण इथे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. मामाला हिमोफिलिया असेल तर त्याच्या प्रत्येक मुलीकडे त्याचे सदोष जनुक येतेच. भाच्यालाही हिमोफिलिया असेल आणि त्याने त्या मामेबहिणीशी लग्न केले, तर होणाऱ्या प्रत्येक मुलीला तीव्र आजार असण्याची शक्यता निम्मी असते. मामाला आजार नसेल तर त्याच्या बाजूने हा धोका उरत नाही. घराण्यात रक्त न थांबण्याचा इतिहास असताना असे नाते जुळवण्याआधी जनुकीय सल्ला घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

कुटुंबात कोणालाही आजार नसताना नव्या जनुकीय बदलामुळे तो उद्भवण्याचे प्रमाण सुमारे एकतृतीयांश आहे. 'आमच्या घराण्यात नव्हता, सुनेने आणला' या आरोपाला विज्ञानाचा आधार नाही. आणि जनुक आईकडून आले असले तरी त्यात तिचा दोष काय?

वर्गीकरण : सदोष जनुक असलेल्या सर्व स्त्रियांना पूर्वी सरसकट 'वाहक' म्हणत. रक्तस्राव व रक्तगुठळी यांच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ साली ही पद्धत बदलली. आता घटकाची पातळी १ टक्क्याखाली असल्यास तीव्र, १ ते ५ टक्के असल्यास मध्यम आणि ५ ते ४० टक्के असल्यास सौम्य हिमोफिलिया असे निदान स्त्रियांच्या बाबतीतही पुरुषांसारखेच करतात. पातळी ४० किंवा त्याहून अधिक असूनही रक्तस्राव होत असेल तर लक्षणे असलेली वाहक आणि होत नसेल तर लक्षणे नसलेली वाहक. हा बदल फार मोलाचा आहे. केसपेपरवर 'सौम्य हिमोफिलिया' लिहिले असेल तर दात काढणारा डॉक्टर थांबून चौकशी करतो, नुसते 'वाहक' लिहिले असेल तर पुढे सरकतो. सौम्य हा शब्दही फसवा आहे. एरवी काहीच त्रास नसलेल्या बाईला शस्त्रक्रियेत किंवा बाळंतपणात जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो. नेदरलँड्समधील २००६च्या एका मोठ्या अभ्यासात ४१ ते ६० टक्के पातळीच्या स्त्रियांमध्येही रक्तस्रावाची शक्यता इतरांपेक्षा जास्त आढळली.

लक्षणे : मुख्य लक्षण म्हणजे अंगावरून खूप जाणे. पाळी सात दिवसांहून अधिक चालणे, दर तास-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, रात्री उठून कपडे बदलावे लागणे, मोठ्या गाठी पडणे या खुणा. पण ज्या घरात आई, मावशी, आजी सगळ्यांचीच पाळी अशी असते, तिथे मुलगी तक्रार करते तेव्हा 'आपल्याकडे असंच असतं' हे उत्तर मिळते, आणि ते खोटे नसते. आनुवंशिक आजार त्या घरापुरता नेहमीचाच असतो. याशिवाय सहज काळेनिळे डाग पडणे, नाकातून वारंवार रक्त येणे, दात काढल्यावर रक्त न थांबणे, टाके घातलेल्या जागी पुन्हा पुन्हा रक्त येणे ही लक्षणे दिसतात. पाळीच्या मध्यावर बीजकोषातून पोटात रक्तस्राव होऊन असह्य दुखते, त्याला अनेकदा अपेंडिक्स समजले जाते. सांध्यांत रक्त साचणे हे पुरुषांचे म्हणून ओळखले जाणारे लक्षण स्त्रियांतही आढळते. गुडघा किंवा घोटा सुजला तर तो लचकला असेल असे धरून चालणे चूक.

या सततच्या रक्तस्रावाचा परिणाम म्हणजे लोहाची कमतरता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के आहे. जिथे निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी असतात, तिथे रक्त जाते कुठे हा प्रश्न कोणी विचारत नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि मूळ कारण तसेच राहते.

निदान : रक्त गोठण्याची नेहमीची चाचणी (एपीटीटी) सौम्य आजारात पुष्कळदा नॉर्मल येते. तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे, आठव्या व नवव्या घटकाची पातळी स्वतंत्रपणे मोजावी लागते. ताण, आजारपण, गरोदरपण आणि इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या यांमुळे आठवा घटक तात्पुरता वाढतो, म्हणून एक नॉर्मल अहवाल पुरेसा नसतो. फॉन विलब्रांड आजाराची तपासणीही सोबत करतात, कारण लक्षणे सारखीच असतात आणि तो आजार स्त्रीपुरुष दोघांना सारखाच होतो. जनुक सदोष आहे की नाही हे मात्र पातळीवरून ठरत नाही, त्यासाठी जनुकीय चाचणीच लागते. घरातील हिमोफिलिया असलेल्या पुरुषात कोणता बदल आहे हे आधी कळले तर ती सोपी होते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत या चाचण्यांचे काम दीर्घकाळ चालते.

उपचार : पाळीच्या रक्तस्रावावर पहिले औषध ट्रॅनेक्झॅमिक आम्ल. तयार झालेली गुठळी विरघळू न देणे हे त्याचे काम. जपानी संशोधक उताको ओकामोतो व त्यांचे पती शोसुके यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ते शोधले. पाळीच्या जास्त रक्तस्रावाच्या दिवसांत गोळ्या घेतात आणि त्या महाग नसतात. लघवीतून रक्त जात असेल तर हे औषध टाळतात. गर्भनिरोधक गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचे लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणारे साधन यांनी रक्तस्राव बराच कमी होतो. अविवाहित मुलीला गर्भनिरोधक गोळी दिली की घरचे बिचकतात. इथे ती रक्त थांबवण्याचे औषध आहे, हे डॉक्टरांनी घरच्यांना बसवून समजावले पाहिजे. याउलट तांबी बसवल्याने पाळीचे रक्त वाढते, आणि बाळंतपणानंतर सरकारी दवाखान्यात तीच सुचवली जाते. आजाराची नोंद असलेल्या बाईने हे आधीच सांगावे.

हिमोफिलिया ए सौम्य असेल तर डेस्मोप्रेसिन शरीरात साठलेला आठवा घटक रक्तात आणते. ते घेतल्यावर पाणी बेताने प्यावे लागते, अन्यथा रक्तातील सोडियम उतरते. हिमोफिलिया बीमध्ये त्याचा उपयोग नाही. शस्त्रक्रिया, अपघात, मोठा रक्तस्राव किंवा तीव्र आजार असताना घटकाचे इंजेक्शन शिरेतून देतात. वजनाच्या दर किलोमागे एक युनिट दिल्यास आठव्या घटकाची पातळी सुमारे २ टक्के आणि नवव्याची सुमारे १ टक्का वाढते. एमिसिझुमॅब हे त्वचेखाली टोचण्याचे औषध हिमोफिलिया एमध्ये आठव्या घटकाचे काम करते, मात्र त्याच्या चाचण्यांत बहुतेक पुरुषच होते. ॲस्पिरिन व आयब्युप्रोफेन टाळावे, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. स्नायूत इंजेक्शन घेऊ नये. लोह द्यायचे तर गोळीतून किंवा शिरेतून द्यावे.

अंगावरून जाणे थांबत नाही म्हणून 'पिशवी काढून टाका' हा सल्ला आपल्याकडे फार लवकर दिला जातो. घटकाची तपासणी न करता गर्भाशय काढणे ही या आजारात घोडचूक आहे. ज्या रक्तस्रावाला गोळ्या पुरल्या असत्या, त्यासाठी जीव धोक्यात घालणारी शस्त्रक्रिया होते.

गरोदरपण व प्रसूती : आठवा घटक गरोदरपणात आपोआप वाढतो, नववा फारसा वाढत नाही. म्हणून शेवटच्या तिमाहीत पातळी पुन्हा मोजून प्रसूतीची योजना लेखी ठरवतात. प्रसूतीच्या वेळी आणि पाठीत भूल द्यायची असेल तेव्हा पातळी किमान ५० टक्के हवी. नैसर्गिक प्रसूतीनंतर निदान तीन दिवस आणि सिझेरियननंतर पाच दिवस ती टिकवतात. बाळालाही आजार असू शकतो, त्यामुळे व्हॅक्यूम लावणे आणि अवघड चिमटा-प्रसूती टाळतात. मुलग्याच्या नाळेतील रक्त तपासणीला पाठवतात. खरा घात पुढे होतो. वाढलेला घटक बाळंतपणानंतर झपाट्याने मूळ पातळीवर येतो आणि घरी गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जोराचा रक्तस्राव सुरू होऊ शकतो. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत असल्याने त्या वेळी बाई तिची माहिती असलेल्या केंद्रापासून बरीच लांब असते. अहवाल, योजनेचा कागद आणि ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या सोबत असल्याच पाहिजेत.

गर्भाची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत वारेच्या नमुन्यावरून किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजलावरून करता येते. १९९४चा गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायदा लिंगसंलग्न आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात अशी तपासणी करू देतो, लिंग सांगण्यास मात्र मनाई आहे. तपासणी करायची की नाही, हा निर्णय त्या जोडप्याचा, आणि त्यातही प्रथम त्या बाईचा.

आधार व हक्क : हिमोफिलिया फेडरेशन (इंडिया) ही रुग्णांची संघटना १९८३ मध्ये अशोक वर्मा यांनी स्थापन केली. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर येथे तिच्या शाखा आहेत आणि स्त्रियांचे गटही चालतात. या गटांत बहुधा आया येतात. मुलाला बर्फ लावायला, शिरेत घटक टोचायला त्या शिकलेल्या असतात. स्वतःची पातळी मात्र अनेकींनी कधी मोजलेली नसते. जागतिक महासंघाने २०२५च्या १७ एप्रिलचा हिमोफिलिया दिन स्त्रिया व मुलींच्या रक्तस्रावाला वाहिला होता.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये हिमोफिलियाचा समावेश आहे. त्याच्या अनुसूचीतली व्याख्या मात्र अजून जुनीच. हा आजार सहसा पुरुषांना होतो आणि स्त्रियांकडून मुलग्यांकडे जातो, असे कायदाच म्हणतो. ती बदलली पाहिजे. तोवर घटकाचा अहवाल हाती असलेल्या बाईने जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. कायद्याने दिलेल्या सवलतींत स्त्री-पुरुष असा भेद नाही.

घरात एकालाही हिमोफिलिया असेल तर त्याची आई, बहिणी, मुली, मावश्या आणि मावसबहिणी यांची घटकपातळी तपासून घ्यावी. मुलीची पाळी सुरू होण्याआधी, आणि कोणत्याही शस्त्रक्रियेच्या आधी तर नक्कीच.