बोटी आधी, निरोप मागाहून

जपानच्या दक्षिणेला कागोशिमा शहरासमोरच्या आखातात साकुराजिमा हा ज्वालामुखी आहे. त्याच्या पायथ्याशी हिगाशी-साकुराजिमा इथल्या शाळेच्या आवारात १९२४ साली उभारलेला एक शिलालेख आहे. मी उभी नोकरी कोकणातल्या तहसील कचेरीत काढली. वादळाचा इशारा आला की किनाऱ्यावरची माणसं हलवायची, याद्या करायच्या, मग पंचनामे. सरकारी इशाऱ्यांची भाषा मला झोपेतही म्हणता येईल. पण शाळेच्या आवारात उभं राहून ‘शास्त्रावर विसंबू नका’ असं गावाला बजावणारा दगड मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

त्यामागची हकिकत १९१४ च्या जानेवारीतली. साकुराजिमा तेव्हा खरोखरच बेट होतं. वीस हजारांच्या आसपास वस्ती, भलेथोरले मुळे, सुपारीएवढी संत्री आणि मासेमारी. जमीन हलू लागली, आणि ११ तारखेला तर धक्क्यांना खळ उरला नाही. विहिरींचं पाणी बदललं, किनाऱ्यावर कुठे गरम तर कुठे गार पाणी उसळून वर येऊ लागलं. म्हाताऱ्यांनी हे ऐकलेलं होतं. १७७९ साली डोंगर फुटला तेव्हा आधी विहिरी उकळल्या, समुद्राचा रंग पालटला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. ती गोष्ट घराघरांत सांगितली जात होती. घरातली आजी ‘निघा’ म्हणाली आणि लोक निघाले, परवानगी मागायला कुणी गेलं नाही.

बेटाच्या उत्तरेकडच्या गावांत तरुण मंडळांनी कामाची वाटणी करून घेतली. कुणाकडे होडी आहे, कुणाकडे नाही, हे त्यांना पाठ होतं. आधी म्हातारी माणसं, बायका, पोरं. धडधाकट पुरुष शेवटी. आज ज्याला आपण निर्वासन आराखडा म्हणतो आणि ज्याच्यावर चार खात्यांच्या सह्या लागतात, तो इथे कागदाविना तयार होता. बेटावरून बाहेर पडायची वाट एकच, पाण्याची. म्हणजे सगळा हिशेब होड्यांचा आणि फेऱ्यांचा.

दक्षिणेकडे मात्र रीतसर कारभार झाला. हिगाशी-साकुराजिमाच्या गावप्रमुखाने कागोशिमाच्या वेधशाळेकडे पुन्हा पुन्हा विचारणा केली. उत्तर एकच आलं: धक्के दुसरीकडचे आहेत, साकुराजिमा फुटणार नाही. त्या काळची उपकरणं तुटपुंजी होती, डोंगराच्या पोटात डोकावायची सोय नव्हती. त्यामुळे वेधशाळेला मी फार दोष देत नाही. गावप्रमुखालाही नाही. वरून आलेला निरोप खाली पोचवायचा, हेच तर त्याचं काम. मीही हेच केलं असतं. निघालेल्यांना त्याने थांबवलं, आणि थांबले ते बहुधा शिकलेले, कचेरीशी संबंध असलेले, वर्तमानपत्र वाचणारे.

१२ जानेवारीला सकाळी दहाच्या सुमारास पश्चिम उतार फुटला, पाठोपाठ दहाच मिनिटांत पूर्व उतार. दक्षिण किनाऱ्यावर जे उरले होते त्यांच्यासाठी पुरेशा होड्याच नव्हत्या. होड्या आदल्या दिवशी निघालेल्यांना घेऊन पलीकडे गेलेल्या. लोकांनी जानेवारीच्या गार पाण्यात उड्या टाकल्या. कुणी पलीकडे पोचलं, कुणी वाटेतच गेलं.

त्याच दिवशी कागोशिमा शहरात वेगळाच गोंधळ. समुद्र चढून येणार, विषारी वायू येणार अशा वावड्या उठल्या आणि लोक अंथरूण-पांघरूण घेऊन आतल्या गावांकडे पळाले. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. दगडी भिंती आणि दरडी कोसळल्या. एकूण ५८ मृत आणि बेपत्ता धरले जातात, त्यातले जवळजवळ निम्मे या भूकंपाचे. पुढे लाव्हा वाहत राहिला. काही वस्त्या त्याखाली गेल्या. पूर्वेकडची चारशे मीटर रुंदीची सामुद्रधुनी जानेवारी संपता संपता बुजली आणि बेट ओसुमी द्वीपकल्पाला चिकटलं. कुरोकामी गावातल्या देवळाची तीन मीटर उंच कमान राखेत गाडली गेली. तिचा वरचा मीटरभर भाग लोकांनी मुद्दाम तसाच ठेवला आहे. घरं गेलेल्या कुटुंबांना ओसुमी, तानेगाशिमा, मियाझाकी इथे, काहींना तर थेट कोरियात जमिनी देऊन बसवलं.

दहा वर्षांनी तो दगड उभा राहिला. लोक त्याला ‘शास्त्रावरच्या अविश्वासाचा दगड’ म्हणतात आणि तेवढंच वाक्य सगळीकडे फिरतं. मला त्याचा उत्तरार्ध जास्त पटतो. त्याचा आशय असा, की एरवी काटकसरीने राहा, चार पैसे गाठीला ठेवा, म्हणजे संकटाच्या वेळी वाटेवर भांबावून जाणार नाही. स्थलांतराचं काम केलेल्या माणसाला हे लगेच कळतं. ‘सगळं इथेच आहे हो, जाऊ कुठे?’ हे वाक्य मी कच्च्या घरांच्या दारात उभं राहून किती वेळा ऐकलं असेल. माणूस धोका कळत नाही म्हणून अडत नाही. गोठा आणि उद्याचा खर्च त्याला अडवतात.

आज साकुराजिमावर चार हजारांहून कमी माणसं राहतात. डोंगर बहुतेक रोज राख टाकतो. थडग्यांवर छपरं घातलेली आहेत, राख भरायला पालिका पिवळ्या पिशव्या वाटते, शाळकरी पोरं हेल्मेट घालून जातात. रस्त्याकडेला वरून पडणाऱ्या दगडांपासून बचावासाठी काँक्रीटचे निवारे आहेत. किनाऱ्यावर ठिकठिकाणी निर्वासनाची छोटी बंदरं बांधली आहेत. जमिनीचा रस्ता झाला तरी आराखड्याचा भर अजून पाण्यावरच आहे. पालिकेची फेरीबोट पंधरा मिनिटांत शहरात पोचवते. तिच्यावर उदोन नूडल्सचं दुकान आहे. वाडगा संपवायला घाई करावी लागते. १९७०च्या दशकापासून दरवर्षी निर्वासनाची रंगीत तालीम होते. घरटी एक कार्ड असतं, त्यावर घरातल्या माणसांची नावं. धक्क्यावर ते द्यायचं, म्हणजे मागे कोण राहिलं हे कळतं. आमच्या याद्या वादळ ओसरल्यावर पुऱ्या व्हायच्या.

वेधशाळेचं म्हणाल तर आता डोंगराच्या पोटात बोगदे खणून जमिनीचा तिरपेपणा मोजतात. २४ जुलै २०२२ च्या रात्री आठनंतर स्फोट झाला, दगड अडीच किलोमीटरच्या आसपास फेकले गेले, इशारा सर्वोच्च पाचव्या पातळीवर नेला आणि दोन वस्त्यांतल्या ३३ घरांतली ५१ माणसं हलवली. तीन दिवसांत पातळी खाली आली. कुणाला इजा नाही. या खेपेला कचेरी आणि गाव एकाच बाजूला होते.

खरा पेच आता पाण्यापलीकडचा आहे. १९१४ साली हिवाळा होता, वारा पश्चिमेचा. राख ओसुमीकडे गेली, तिथे पुढे कित्येक वर्षं चिखलाचे लोंढे आले. शहर मात्र राखेतून वाचलं. तसाच उद्रेक उन्हाळ्यात झाला आणि वारा पूर्वेचा असला, तर जवळजवळ सहा लाख वस्तीच्या कागोशिमावर अर्ध्या मीटरहून जास्त राख आणि पमीस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) साचू शकतं. एवढ्या राखेत गाडी चालत नाही, रेल्वे चालत नाही. बेटावरच्या माणसांना फेरी उतरवते ती याच शहरात.