आवाज गायिकेचा, मालकी कंपनीची

१९६० नंतरच्या पाच-सहा वर्षांत अमेरिकेच्या लोकप्रिय संगीतात ‘गर्ल ग्रुप’ हा प्रकार बहरला. तीन-चार तरुणींपैकी एकीने मुख्य स्वर लावायचा आणि इतरांनी तिला साथ द्यायची, असे त्याचे साधे रूप होते. पण त्यामागची व्यवस्था साधी नव्हती. गीत रचणारे, ध्वनिमुद्रणाची सूत्रे हाती ठेवणारा निर्माता आणि तबकडी बाजारात आणणारी कंपनी यांच्या साखळीत गायिका, तिच्याच स्वरावर सारा डोलारा उभा असूनही, शेवटच्या जागी होती.

न्यू जर्सीतील पसेइक येथे शाळेत जमलेल्या चार कृष्णवर्णीय मैत्रिणींच्या ‘शिरेल्स’ या गटाचे ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ हे गाणे जानेवारी १९६१ मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या ‘हॉट १००’ या यादीत, म्हणजे त्या काळी विक्री आणि रेडिओवरील प्रसारण यांवरून ठरणाऱ्या क्रमवारीत, पहिले आले. कृष्णवर्णीय गर्ल ग्रुपला हा मान प्रथमच मिळत होता. आजच्या रात्रीचे प्रेम उद्या टिकेल का, हा प्रश्न एका मुलीच्या तोंडून इतक्या उघडपणे येणे त्या काळात धाडसाचे होते. शब्द गेरी गॉफिन या पुरुषाचे आणि चाल त्याची पत्नी, अवघ्या १८ वर्षांची कॅरोल किंग, हिची; परंतु शर्ली ओवेन्सच्या आवरून धरलेल्या स्वरातच त्या प्रश्नामागची भीती खरी होते, आणि म्हणून हे गाणे रचणाऱ्यांइतकेच तिचेही मानले पाहिजे.

व्यवसायाने मात्र तसे मानले नाही. १९६२ मध्ये निर्माता फिल स्पेक्टर याने ‘ही इज अ रेबल’ हे गाणे लॉस एंजेलिसमध्ये डार्लीन लव्ह आणि तिच्या ‘ब्लॉसम्स’ या गटाकडून गाऊन घेतले आणि तबकडीवर नाव छापले ते न्यूयॉर्कच्या ‘क्रिस्टल्स’ या दुसऱ्याच गटाचे. गाणे पहिल्या क्रमांकावर गेले, आणि जे आपण गायलेलेच नव्हते ते क्रिस्टल्सना मंचावर गावे लागले. ज्यांचा आवाज घेतला गेला आणि ज्यांचे नाव वापरले गेले, त्या दोन्ही गटांवर हा अन्यायच होता.

असे करणे शक्य झाले, कारण गटाचे नाव आणि ध्वनिमुद्रण या दोहोंवर बहुधा कंपनीचा ताबा असे. अमेरिकेच्या संघीय कायद्याने गीताच्या रचनेला स्वामित्वहक्क, म्हणजे तिच्या वापराचा मोबदला मागण्याचा अधिकार, पूर्वीच दिला होता. ध्वनिमुद्रणाला तो १५ फेब्रुवारी १९७२ पासून मिळाला, आणि तोही बहुतेक वेळा करारानुसार कंपनीकडेच गेला. त्यामुळे गाणे रेडिओवर वाजले की रचणाऱ्याला पैसे मिळत, गाणाऱ्याला नाही. या पार्श्वभूमीवर १९७१ च्या ‘टॅपेस्ट्री’ या गीतसंग्रहाचे महत्त्व केवळ कलेपुरते उरत नाही. स्वतःच्या चाली कॅरोल किंग येथे स्वतःच गायली, शिरेल्सचे ते गाणेही तिने संथ लयीत पुन्हा म्हटले, आणि हा संग्रह सलग १५ आठवडे अमेरिकेत अग्रस्थानी राहिला. रचना आणि स्वर एकाच स्त्रीच्या हाती आल्यावर व्यवहारातले तिचे बळ वाढले.

ज्या केवळ गायल्या त्यांची वाट खडतरच राहिली. ‘बी माय बेबी’ (१९६३) गाणाऱ्या ‘रोनेट्स’ गटातील तिघींना सुरुवातीला मिळालेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, एकत्रितपणे १५,००० डॉलरपेक्षाही कमी होती. ते गाणे १९८७ मध्ये ‘डर्टी डान्सिंग’ चित्रपटाच्या आरंभी वापरले गेले. त्यानंतर त्यांनी दावा लावला आणि खालच्या न्यायालयात त्या जिंकल्याही. परंतु २००२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, १९६३ च्या करारात ध्वनिमुद्रणांची मालकी विनाअट दिलेली असल्याने चित्रपट व दूरचित्रवाणीतील वापराच्या उत्पन्नात गायिकांना वाटा मागता येणार नाही. तबकड्यांच्या विक्रीवरील ठरलेला मोबदला तेवढा त्यांचा.